पाहुण्याने काढलेली चार पानं

प्रिय प्रज्वल,

पोटभर आशीर्वाद. आधी घरातल्या एकेकाची खुशाली विचारून घेतो, कारण पुढे काय लिहिणार आहे ते मला ठाऊक आहे, आणि तिथवर पोचलो की विचारायची सवड राहणार नाही. शारदाचे, तुझ्या आईचे, गुडघे कसे आहेत? तिला माझा निरोप सांग, लिफ्ट बंद असली तर भाजीसाठी चार मजले उतरू नको, एक दिवस पिठलं-भाकरीवर भागतं. जावईबापूंची शुगर किती आली? ते चोरून गोड चहा पितात हे मला माहीत आहे, पण मी लिहिलं म्हणून सांगू नको. तुझ्या योगिनीची पाठ दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून धरते म्हणत होती, तिला उशी बदलायला सांग. छोट्या गार्गीचा खोकला गेला का? अडुळशाचा पाला तिकडे मिळत नसेल तर मी चिखलीहून एसटीच्या कंडक्टरजवळ देतो. आणि तुझी मान. वाकून चित्रं काढणाऱ्याची आधी मान जाते, हे तू नऊ वर्षांचा होतास तेव्हापासून सांगतोय. माझे डोळे उत्तम. मोतीबिंदू काढल्यापासून इतकं स्वच्छ दिसतं, की जे दिसलं नसतं तर बरं झालं असतं तेही दिसतं. तुझी आजी ठणठणीत आहे. तिचं पुढे येतंच.

तर झाली खुशाली. आता ऐक. मी तुझ्यावर रागावलोय. अंक हातात आला त्याला आज अकरा दिवस झाले. तुझे तीन फोन येऊन गेले आणि मी उचलले नाहीत. फोनवर मी चार शब्दांत थंड होतो आणि मग तू हसतोस. कागदावर माणूस नीट रागावू शकतो.

ऑपरेशनच्या आधी वैजनाथ मास्तर घरी आले होते. शाळा सांभाळून त्यांनी हे मासिक सुरू केलं तेव्हापासून, म्हणजे तेवीस वर्षं, त्यात माझी ‘सोजराबाईची फेरी’ महिन्याला चार पानं येते. ताप असो, लग्न असो, मयत असो, एक महिना चुकला नाही. पण डॉक्टर म्हणाले, दीड महिना वाकायचं नाही. मास्तर म्हणाले, एक अंक तुमच्या नातवाकडून काढून घेऊ, पुण्यात कॉमिकच्या धंद्यात त्याचं नाव आहे, वर छापू ‘पाहुणे चित्रकार’. हो मीच म्हणालो. वाटलं, घरचंच पोर आहे, मळलेल्या वाटेनं चार पावलं चालेल आणि कासरा पुन्हा माझ्या हातात देईल. अरे, पाहुण्यानं कसं राहावं? वाढलं ते गोड मानून जेवावं, दोन शब्द बरे बोलावे आणि गाडीला लागावं. तू जेवलास, आणि जाता जाता आमची चूल उचलून दुसऱ्या भिंतीला मांडून गेलास.

तुला सगळं माहीत आहे, तरी पुन्हा लिहितो, कारण तू विसरलास असं वाटतं. सोजराबाई ही काही माझ्या डोक्यातून निघालेली बाई नाही. ती माझी सख्खी मोठी बहीण, मी जिला बाई म्हणतो ती, आणि तुझ्या आईची आई आहे. धरणात जुनं गाव गेलं, सगळ्यांना नव्या गावठाणात जागा मिळाल्या, जागांचे कागद मिळाले, एकट्या तिला मिळाला नाही. यादीत तिचं नावच नव्हतं. तिची जागा तिच्या दिराच्या जागेत धरली गेली. त्या दिवसापासून ती पुनर्वसनाच्या ऑफिसला फेऱ्या मारते. तिला लिहिता-वाचता येत नाही. पण चित्र कसं वाचावं हे तिच्याकडून शिकावं, कडेला काढलेली कोंबडीसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नाही. म्हणून मी तिची फेरी चित्रात मांडायला लागलो. मी काही कुठल्या शाळेत शिकलेला चित्रकार नाही. डोणगावच्या बाजारातल्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर मी, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर ब्रशनं ओढत गेलो.

माझे नियम तुला पाठ होते. आधी पाय काढायचे, मग माणूस. पाय जमले की बाई कुठे निघाली, किती थकली, सगळं त्यात येतं. डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला आणि त्याला सेफ्टी पिन. ती पिन कुठे लपवली आहे हे शाळेतली पोरं दर महिन्याला शोधतात. काम होईस्तोवर नवी चप्पल घालायची नाही, हा तिचा पण. आणि तिसरं, साहेब दाखवायचा नाही. साहेबाची फक्त खुर्ची, पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली, रिकामी. तेवीस वर्षं ती खुर्ची रिकामी आहे, आणि आपल्या जिल्ह्यात एकाही माणसानं मला विचारलं नाही की साहेब कुठे गेला. सगळ्यांना माहीत आहे तो कुठे जातो.

आणि तू काय केलंस? दुसऱ्याच पानावर खुर्चीत साहेब बसवलास. गोरागोमटा, चष्मेवाला, गालावर खळी. तो उठून उभा राहिला. त्यानं तिला पाणी दिलं. तिसऱ्या पानावर कागद तिच्या हातात, आणि चौथ्यावर ती दुकानात बसून नवी चप्पल घालतेय आणि पिन काढून साहेबाच्या टेबलावर ठेवून आली म्हणते. पायसुद्धा तू शेवटी काढले असशील, ते दिसतंच, पायात जीव नाही. रेघ तुझी माझ्यापेक्षा चांगली आहे, ते मी नाकारत नाही. सावल्या तर अशा टाकल्यास की पानाला हात लावला तर गार लागेल. पण तेवीस वर्षांचं भिजत घोंगडं तू दोन पानांत वाळवून, घडी करून, कपाटात ठेवून दिलंस. कुणी सांगितलं होतं?

लोकांचं विचारू नकोस. मोताळ्याहून एका वाचकाचा फोन आला, म्हणे मोतीराम पेंटर, वाचून डोळे भरून आले, शेवट गोड झाला. मास्तर तर हवेत आहेत, अंक पुन्हा छापावा लागला म्हणतात. मला म्हणाले, नव्या हाताची कमालच वेगळी. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. त्यांचा तरी काय दोष, पण कुणावर तरी निघायला हवं होतं.

खरी गंमत पुढे आहे. बाई गेल्या बुधवारी नेहमीप्रमाणे ऑफिसात गेली. तिथला बाबू तिला बघून हसला. म्हणे, आजी, तुमचं तं झालं नं काम, छापून आलं, आता कायले चकरा मारता? बाजूचे दोघं-तिघंही हसले. प्रज्वल, या मासिकाचा अंक त्या ऑफिसबाहेरच्या चहाच्या टपरीवर टांगलेला असतो. दर महिन्याला ती रिकामी खुर्ची त्यांना बघावी लागायची. हसत नव्हते ते तेव्हा. एकदा तर एका साहेबानं खुर्चीवरचा टॉवेल काढून टाकला होता, मग मी पुढच्या अंकात टॉवेल दारामागच्या खिळ्यावर टांगलेला काढला. तेवढीच तर काडी होती माझ्याकडे त्यांना टोचायला, आणि ती तू मोडलीस. इकडे तिच्या दिराचा प्रेमानंद म्हणतो, काकू, जागा आमच्या नावावर आहे, दिवाळीनंतर मी सगळ्यावर स्लॅब टाकतो, तुम्हाले मागची खोली ठेवतो. मागची खोली म्हणजे जिथे आज तो कडबा ठेवतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी बहीण आपल्या घरातून उठून कडब्याच्या खोलीत जाणार, आणि इकडे चार पानांत तिचा कागद आला म्हणून लोकांचे डोळे भरून येतात.

मी हे सगळं बाईजवळ बोललो. म्हणालो, शारदाच्या पोरानं घात केला. ती शेंगा निवडत बसली होती. वरसुद्धा न बघता म्हणाली, “पोराले काऊन बोलतं रे मोत्या? त्यानं एका महिन्यात मले नवी चप्पल घालून देल्ली. तू तेवीस वर्सं पिनच लावत राह्यला.” घे. म्हणजे मी आता पिन लावणारा. मी म्हणालो, अगं, ते खोटं आहे, कागद कुठे आहे? ती म्हणाली, “खोटं हाय ते मले समजते. पन पायाले बरं वाटलं.” मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

इथवर लिहून मी दोन दिवस पत्र तसंच ठेवलं होतं. वाचून पाहिलं तर सगळं खरं आहे आणि तरी खोटं वाटतं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. खुर्ची, चप्पल, पिन, बाबू, या सगळ्यांचा राग आहेच, पण माझं रक्त तापलं ते पहिल्या पानामुळे, आणि पहिल्या पानाबद्दल मी अजून एक ओळ लिहिलेली नाही.

पहिल्या पानावर तू जुनं गाव काढलंस. मी तेवीस वर्षांत एकदाही काढलं नाही ते. चिंच, मारुतीचा पार, एका भिंतीची दोन घरं, एक दिराचं, एक बाईचं. प्रत्येक दाराच्या चौकटीवर लाल आकडा. आणि बाईच्या दारात तांब्या घेऊन उभी असलेली बाई, आणि तिच्या पुढ्यात, एका हातात लाल रंगाचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश, आकडा टाकणारा काळाभोर जवान मी. माझ्या मालिकेत मी कधी आलो नव्हतो, प्रज्वल. तू मला ओढून आणलंस, आणि उभं कुठे केलंस, तर त्याच दारात.

तुला वाटलं असेल, आबा खूश होतील. उन्हाळ्याच्या सुटीत तुला मीच फुशारकीनं सांगायचो, अख्ख्या गावाचे आकडे मी दोन दिवसांत टाकले, मोजणीच्या साहेबानं पाठ थोपटली. ते खरंच आहे. घरं मोजायला साहेब आला, गावातच पेंटर आहे म्हटल्यावर त्यानं मला लावलं. जितक्या चुली तितके आकडे, एवढंच त्याचं सांगणं. आकडे झाले की दुसऱ्या दिवशी कारकून दारोदार फिरून आकडे वाचणार आणि यादी करणार.

अंक आला तेव्हा बाईनं नेहमीसारखा तो मांडीवर घेतला. खुर्ची बघितली, साहेबाची खळी बघून हसली, चप्पल बघितली. मग पुन्हा पहिल्या पानावर आली. दारावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हे चुकलं पोराचं. माह्या दारावर लाल आकडा नव्हता.” मग माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. आणि आत जाऊन चहा टाकला.

नव्हताच आकडा. दिराच्या दारावर मी बेचाळीस टाकला. पुढचं दार बाईचं. भाऊबीज होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता, त्याच उंबऱ्यावर पाट मांडून तिनं मला ओवाळलं होतं. आणि आकडा म्हणजे काय होतं? ज्या घरावर आकडा ते घर पाण्यात जाणार. बहिणीच्या चौकटीला भावानं तोरण बांधावं, कुंकवाची बोटं लावावी. बुडायचा आकडा भावाच्या हातून? माझा हात उठेना. ती दारात तांब्या घेऊन उभी होती, म्हणाली, “टाक नं मोत्या, तुह्या हातचा आकडा देखना तरी येईन.” मी म्हणालो, उद्या सकाळी टाकतो, आज डब्यातला रंग पातळ झालाय. रंग पातळ झाला नव्हता. पुढच्या दारावर जाऊन मी त्रेचाळीस टाकला. रात्री वाटलं, सकाळी हिच्या दारावर शेवटचा आकडा टाकून देऊ. सकाळी कारकून माझ्या आधी उठला.

एवढंच आहे. साहेबानं गाळलं नाही, कारकुनानं गाळलं नाही, बाबूनं गाळलं नाही. कुंपणानंच शेत खाल्लं. यादी लागली तेव्हा बाईनं मला विचारलं होतं, आकडा नव्हता म्हणून तं नाही झालं? मी म्हणालो, आकड्याचा काय संबंध, ऑफिसवाल्यांनी मुद्दाम केलं. आणि ते खोटं खरं ठरवायला रिकामी खुर्ची काढत बसलो. चांगली काढली. लोकांनी शाबासकी दिली. दर महिन्याला शाबासकी मिळत गेली आणि दर महिन्याला बाई चालत गेली.

आणखी एक आहे, तेही लिहून टाकतो, अर्धवट दात काढला तर जास्त ठणकतो. सात वर्षांपूर्वी एक साहेब आला होता. तू काढलास तसा गोरागोमटा नव्हता, खळी नव्हती, पण खुर्चीत बसायचा. त्यानं बाईचा सगळा कागदांचा गठ्ठा वाचला आणि विचारलं, आकडे कुणी टाकले होते? त्या माणसाला पुढच्या बुधवारी घेऊन या, त्याचा जबाब लिहून घेतो, काम होण्यासारखं आहे. बाई धावत आली. माझ्या दारातूनच ओरडली, “मोत्या, तूच तं टाकले व्हते. तुह्यावरच काम आलं, पाह्य.” तिला इतकं हसताना मी तिच्या लग्नानंतर बघितलं नव्हतं. बुधवारी सकाळी मी अंगावर गोधडी घेऊन पडलो. ताप आहे म्हणालो. तिनं कपाळाला हात लावून बघितला. पेज करून उशाशी ठेवली आणि एकटीच एसटीत बसली. महिन्याभरात त्या साहेबाची बदली झाली. आणि मी पुढच्या अंकात काय काढलं असेल? खुर्ची, टॉवेल, रिकामी. तेवीस वर्षांत एकदाच ती खुर्ची भरलेली होती, प्रज्वल, आणि त्या दिवशी रिकामी जागा माझी होती.

म्हणून हे पत्र. राग आहे तो आहेच, तो मी मागे घेत नाही, विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या खुर्चीत साहेब बसवू नये, हे तू जन्मभर लक्षात ठेव. पण एक अंक तू अजून काढायचा आहेस. पाहुणा म्हणूनच. मी चार रात्री कॅलेंडरचं पान पुढ्यात घेऊन बसलो, डोळे नवे आहेत, हातही थरथरत नाही, पण माझं मला काढता येत नाही. पहिल्या पानावर तेच दार काढ, कोरं. ती तांब्या घेऊन उभी, आणि मी डबा घेऊन पुढच्या दाराकडे निघालेलो. दुसऱ्यावर बुधवार. खुर्चीत साहेब, समोर बाई, तिच्या बाजूला रिकामी जागा, आणि इकडे गोधडीखाली मी. आधी माझे पाय काढ, गोधडीतून बाहेर आलेले, म्हणजे बाकीचं आपोआप येईल. बोलण्याचे फुगे कोरे ठेव, त्यातली अक्षरं मी माझ्या हातानं लिहीन. मास्तरांना मी सांगतो. पण अंक छापायच्या आधी चित्रं इकडे पाठव. बाईला पत्र वाचता येत नाही, आणि तोंडानं मी तिला काय सांगू शकतो ते मी तेवीस वर्षं बघितलंय. मी ती तिच्या मांडीवर ठेवीन आणि बाजूला बसून राहीन, ती चहा टाकायला उठली तरी उठणार नाही. येत्या नाही, त्याच्या पुढच्या बुधवारी आम्ही दोघं ऑफिसात जातोय. जबाब मी लिहून ठेवला आहे. त्याच्या आधी तिनं चित्र वाचायला हवं, साहेबाच्या आधी तिला कळायला हवं. तेव्हा हातातलं काम बाजूला ठेव, मानेला शेक दे, आणि जमतं की नाही ते दोन ओळींत का होईना, पण लगेच कळव.

तुझाच,
मोतीआबा